प्रेरणा नको, आधी सांधा बघा

कापडकला किंवा भरतकामावर रिसर्च करायचा म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये एक प्रश्न हमखास येतो : ‘कलाकाराला प्रेरणा कुठून मिळाली?’ ऐकायला छान आहे, पण पुरावा कुठून आणणार? त्यात कलाकाराचं नावच माहीत नसेल तर?

फ्रान्समधल्या बायू गावची प्रसिद्ध टॅपेस्ट्री घ्या. नाव टॅपेस्ट्री असलं तरी ती विणलेली नाही. तागाच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेलं ते भरतकाम आहे. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईची ही गोष्ट, लांबी सुमारे 70 मीटर. ती करवून घेणारा म्हणून बिशप ओडोचं नाव बहुतेक अभ्यासक घेतात. टाके कोणी घातले? एकही नाव नाही. म्हणजे ‘प्रेरणा’ शोधायला निघालात, की तुम्ही नकळत ओडोवरच लिहायला लागता.

त्याऐवजी कापड बघा. नऊ तुकडे जोडलेत. पहिल्या सांध्यावर वरच्या काठाच्या रेषा नीट जुळत नाहीत. पुढचे सांधे मात्र सहज सापडतही नाहीत. म्हणजे काम करता करता माणसं शिकत गेली, असं म्हणता येतं. पण थांबा! दोन तुकडे वेगवेगळ्या गटांनी भरले असतील, तरीही असंच दिसेल. दोन्ही शक्यता लिहा आणि मग कापडाची उलटी बाजू, टाक्यांची पद्धत तपासा. घोड्यांचंही तसंच. पलीकडच्या बाजूचे पाय बऱ्याचदा वेगळ्या रंगात भरलेत. छटा न वापरता जवळचं-लांबचं दाखवायची ही युक्ती. इथे विचार दिसतो, तो टाक्यात आहे.

आता दुसरी बाजू. 1885-86 मध्ये इंग्लंडच्या लीक गावात एलिझाबेथ वॉर्डल आणि पस्तीसेक बायकांनी याची पूर्ण प्रतिकृती भरली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. मूळ कामातल्या नग्न आकृती तिथे झाकलेल्या दिसतात. ‘बायकांना लाज वाटली’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण त्यांच्यासमोर मूळ कापड नव्हतं, फोटोंवरून केलेली चित्रं होती, आणि झाकपाक त्या चित्रांतच झाली होती. निर्णय एकाचा, दोष दुसऱ्याला! आणि याच बायकांनी आपापल्या भागाखाली स्वतःचं नाव भरून ठेवलंय.

म्हणून सिनॉप्सिसमधला तो प्रश्न बदला. ‘प्रेरणा कुठून आली?’ऐवजी ‘कोणता निर्णय, कोणी, कोणत्या टप्प्यावर घेतला?’ असं विचारा. उत्तर अर्धवट मिळालं तरी चालेल. ते कापडावर बोट ठेवून दाखवता येईल, आणि श्रेय योग्य हातांपर्यंत पोचायची शक्यता तरी राहील.