जकातीच्या मेजावरील उजेड

संत मत्तयच्या पाचारणाचा प्रसंग शुभवर्तमानात अवघ्या एका वचनात आटोपतो. येशू वाटेने जाताना जकातनाक्यावर बसलेला एक माणूस पाहतो, त्याला आपल्यामागे येण्यास सांगतो आणि तो माणूस उठून जातो. मार्क आणि लूक त्याला लेवी म्हणतात. त्याने सर्व काही सोडले, एवढी भर लूक घालतो. मात्र हाक आणि उठणे या दोहोंच्या मध्ये त्या माणसाच्या अंतःकरणात काय घडले, याविषयी तिघेही मौन पाळतात. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचे ‘संत मत्तयचे पाचारण’ हे चित्र नेमके त्या मौनाच्या जागी उभे आहे. मुलामुलींच्या हाती नेमणुकीचे पत्र पडले की ते येशूच्या तसबिरीपुढे ठेवून आभार मानणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हे चित्र एकदा सावकाश पाहावे, असे आम्हांस वाटते.

रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये, कोन्तारेल्ली चॅपलच्या डाव्या भिंतीवर हे चित्र आहे. आपल्या नावाच्या संताचे चरित्र येथे रंगवले जावे, अशी कार्डिनल कोन्तारेल्ली यांची इच्छा होती. ते १५८५ साली निवर्तले आणि काम वर्षानुवर्षे रखडले. अखेर जुलै १५९९ मध्ये बाजूच्या दोन भिंतींचे काम चारशे स्कुदी मोबदल्यावर काराव्हाज्जोकडे आले. त्याचे वय तेव्हा सत्तावीस होते. चॅपलचे छत ज्या ज्युझेप्पे चेझारीने रंगवले होते, त्याच्याच चित्रशाळेत पूर्वी काही काळ हा तरुण फुले आणि फळे रंगवीत असे. पूजास्थानासाठी एवढे मोठे काम त्याला प्रथमच मिळत होते. समोरच्या भिंतीवरील ‘संत मत्तयचे हौतात्म्य’ या चित्राखाली आधीचे सोडून दिलेले प्रयत्न क्ष-किरण तपासणीत दिसले आहेत. नव्या कामाची धास्ती चित्रकारालाही चुकली नव्हती, असे आम्ही त्यावरून समजतो.

काम देणाऱ्यांच्या सूचना बारकाईच्या होत्या. जकातीची खोली असावी, मेजावर वह्या आणि पैसे असावेत आणि मत्तय जागेवरून उठून प्रभूकडे येत असावा. काराव्हाज्जोने खोली, मेज, वही, नाणी सारे काही दिले. उठणे मात्र दिले नाही. मेजाभोवती पाच जण बसले-उभे आहेत. त्यांचे कपडे पहिल्या शतकातील नसून चित्रकाराच्या काळच्या रोममधील आहेत; दोघा तरुणांच्या टोप्यांना तर पिसे लावलेली आहेत. उजवीकडून येशू आणि पेत्र अनवाणी येतात. हाक आली आहे, परंतु कोणीही अद्याप जागचा हललेला नाही. सूचनेचा हा भंग म्हणजेच या चित्राचे मर्म होय. उठलेला मत्तय हा संत आहे. बसलेला मत्तय आपल्यापैकी कोणीही असू शकतो.

चित्रात खिडकी आहे, पण तिच्यातून प्रकाश येत नाही. उजेड उजवीकडून, येशूच्या मस्तकावरून तिरपा उतरतो. खिडकीच्या चौकटीत अनेकांना क्रूस दिसतो. तो तेथे आहे हे खरे. तथापि त्याच्यावर फार मोठा अर्थ लादण्याची गरज आम्हांस भासत नाही. खरे प्रतीक आहे ते येशूच्या हातात. सिस्टिन चॅपलच्या छतावर मायकेल अँजेलोने रंगवलेल्या आदामाच्या हाताची ठेवण काराव्हाज्जोने येथे उचलली आहे. लक्षात घ्यावे, हा हात निर्मात्याचा नव्हे, आदामाचा आहे. संत पौलाने ख्रिस्ताला नवा आदाम मानले, त्या विचाराशी हे सुसंगतच आहे. हाक देणारा हा हात हुकूम सोडणाऱ्या अधिकाऱ्याचा नाही. ज्याने स्वतः पित्याकडून जीवन आणि काम स्वीकारले, त्याचा आहे. पेत्राचा लहानसा हात तीच खूण पुन्हा करतो. पेत्राची आकृती चित्रात मागाहून घातली गेली, असे तपासणीतून दिसले आहे. ख्रिस्ताची हाक ख्रिस्तसभेच्या हातूनच आपणांपर्यंत येते, हे सांगण्याची याहून साधी रीत आम्हांस ठाऊक नाही.

आता प्रश्न उरतो तो यांतील मत्तय कोणता. बहुतेकांच्या मते मधला दाढीवाला. तो बोटाने जणू ‘मी काय?’ असे विचारतो. काही अभ्यासक म्हणतात, ते बोट स्वतःकडे नसून टोकाला मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या तरुणाकडे आहे आणि तोच मत्तय. आमचा कौल पहिल्या मताला आहे, कारण प्रकाश त्या चेहऱ्यावर ठळकपणे पडतो. पण दाढीवाल्याचा उजवा हात अजून नाण्यांपाशीच आहे, हे विसरू नये. पोप फ्रान्सिस कार्डिनल असताना रोमला आले की हे चित्र पाहण्यास जात. २०१३ च्या एका मुलाखतीत त्यांनी, पैसे धरून बसलेल्या मत्तयमध्ये आपण स्वतःला पाहतो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यांचे बोधवाक्यही मत्तयच्या पाचारणावरील संत बीड यांच्या प्रवचनातून घेतलेले होते.

येथे चित्र आपल्या घरात शिरते. नवी नोकरी म्हणजे देवाचा आशीर्वाद, असे आपण सहज म्हणून जातो. मत्तयच्या बाबतीत मात्र आशीर्वाद म्हणजे चालू उत्पन्न बुडणे होते. मग प्रत्येकाने मेज सोडावे काय? पवित्र शास्त्र असे एकच उत्तर देत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना काम सोडण्यास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच बजावले. जक्कयने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. त्याने काम सोडल्याचे लूक कोठे लिहीत नाही. कोणाला मेजावर राहून हात स्वच्छ ठेवावे लागतात, कोणाला मेजच सोडावे लागते. आपण कोणत्या गटात आहोत, हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले नसते. टेबलाखालून येणारे पहिले पाकीट पुढे सरकते तेव्हा ते कळते. ‘सगळेच घेतात’ असे शेजारचा सहकारी सांगत असताना कमावत्या मुलाने काय करावे, याचा विचार आपल्या जेवणाच्या पंगतीत व्हावयास हवा. तो केवळ पापनिवेदनासाठी राखून ठेवू नये.

चॅपलच्या वेदीवरील तिसरे चित्र १६०२ चे आहे. त्याची पहिली आवृत्ती नाकारली गेली आणि पुढे १९४५ साली बर्लिनमध्ये नष्ट झाली. आज तेथे असलेल्या दुसऱ्या आवृत्तीत म्हातारा मत्तय घाईने एका बाकड्यावर गुडघा टेकवून लिहीत आहे आणि वरून देवदूत बोटांवर मोजून त्याला मुद्दे सांगत आहे. परंपरेने मत्तयचे चिन्ह मानवाकृती मानले आहे, कारण त्याचे शुभवर्तमान येशूच्या मानवी वंशावळीने सुरू होते. त्या वंशावळीत चौदा-चौदा पिढ्यांचा हिशेब आहे. तिन्ही चित्रे एकत्र पाहिली तर ध्यानात येते की जकातदाराचे कसब वाया गेले नाही. मोजणे तेच राहिले, वही तीच राहिली, धनी बदलला. आपल्या मुलांना नव्या कामावर पाठवताना त्यांचे शिक्षण, त्यांची हुशारी आणि त्यांचा हिशेबीपणा कोणाच्या सेवेला लागणार आहे, हा प्रश्न पगाराच्या आकड्याआधी विचारण्याचे बळ हे चित्र देते. म्हणूनच त्याची एखादी चांगली प्रत धर्मग्रामाच्या वाचनालयात लावली जावी, अशी आमची शिफारस आहे.