'बटाट्याची चाळ' राजोडीत वाचताना

'बटाट्याची चाळ' मला आवडते की नाही, या प्रश्नाचे सरळ उत्तर मला आजवर देता आलेले नाही. पु. ल. देशपांडे यांचे हे पुस्तक १९५८ साली आले. माझगावच्या आमच्या खोलीत दाराच्या वरच्या फळीवर त्याची एक प्रत असे. अब्बांची उर्दू मासिके आणि ही मराठी चाळ शेजारी-शेजारी. यंदाच्या पावसाळ्यात राजोडीच्या घरी ती पुन्हा काढली.

कादंबरी म्हणावी तर कथानक नाही आणि लेखसंग्रह म्हणावा तर माणसे तीच ती. 'उपास' अजूनही हसवतो. वजन उतरवायला निघालेल्या पंतांना सारी चाळ सल्ले देते आणि एकाचा सल्ला दुसऱ्याशी जुळत नाही. चाळीचा स्वभावच त्यात आला आहे. 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण तर धाडसाचे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात असताना त्याच्याच घोषणेची थट्टा करायची आणि तरी लढ्याचा उपमर्द होऊ द्यायचा नाही, हे सोपे नव्हते. पण 'संगीत चिवडामणी' आज वाचवत नाही. विडंबन ज्याचे करायचे ती संगीत नाटके माहीत नसलेल्या वाचकाने हसायचे कशाला? 'भ्रमणमंडळ' तर अर्धे कापले असते तरी चालले असते. १९६१ पासून पुलंनी चाळीचा एकपात्री प्रयोग केला. रंगमंचावर त्यांचा आवाज असल्या पातळ जागा भरून काढी. कागदावर त्या उघड्या पडतात.

जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांच्या 'मी मांजर आहे' या कादंबरीचेही असेच. १९०५ च्या जानेवारीत 'होतोतोगिसू' मासिकात ती एकाच प्रकरणापुरती आली. वाचकांनी उचलून धरली आणि पुढच्या वर्षापर्यंत अकरा प्रकरणे झाली. मास्तरांच्या घरी विद्वान मित्र गप्पा झोडतात आणि मांजर ऐकते. पुढे मांजर मागे पडते, गप्पाच उरतात आणि वाचक कंटाळतो. मग शेवटी ते उरलेली बिअर पिऊन पाण्याच्या रांजणात बुडते आणि आपल्याला त्याचा केवढा लळा लागला होता ते कळते.

पुलंच्या शेवटच्या 'चिंतना'तही थट्टा थांबते आणि चाळीविषयीची हुरहूर सुरू होते. माझी खरी अडचण इथे आहे. नालासोपारा, विरार, वसई ही गावे अशाच चाळी सोडून आलेल्यांनी भरली. आम्हीही त्यांतलेच. संध्याकाळी सुरूच्या बनातून घरी येताना दारे बंद दिसतात. शेजारी कोण राहतो ते ठाऊक नसते. अशा वेळी ते प्रकरण आठवते आणि घसा दाटतो. पण लगेच शंका येते, की ही हुरहूर कोणाची? चाळीत ज्यांना गॅलरीत उभे राहून सांस्कृतिक चळवळ करायला फुरसत होती, त्यांची. या पुस्तकात चाळ पुरुषांच्या उद्योगांनी गजबजलेली आहे. बायका बहुधा त्या उद्योगांना आडव्या येतात किंवा त्यांसाठी चहा टाकतात. पहाटेच्या नळाची रांग, सामाईक संडास, पडद्यामागे केलेली आंघोळ यांतले पुष्कळसे विनोदात विरघळून गेले आहे.

'उपास' मी अम्मीला वाचून दाखवला. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पंतांसारखा एक माणूस आमच्याही मजल्यावर होता, त्याचे नाव तिला चटकन आठवले. मग शेवटचे प्रकरण वाचले. ती गप्प ऐकत राहिली. संपल्यावर तिने एवढेच विचारले, की घरात नळ आला त्या दिवसाचे यात कुठे लिहिले आहे का? मी पाने उलटून पाहिली. मग तिने मला पुन्हा 'उपास' वाचायला सांगितला.