कोरी प्रत आणि वाचलेली प्रत : जुन्या चित्रकथांच्या संग्रहामागील मूल्यविचार

बीजसंज्ञा : चित्रकथा, संग्रह, प्रतवारी, इंद्रजाल कॉमिक्स, चांदोबा, वाचनव्यवहार, मराठवाडा

प्रास्ताविक :

मराठीत ‘प्रत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. छापलेल्या पुस्तकाचा एक नग म्हणजे प्रत आणि मालाचा दर्जा म्हणजेही प्रत. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीचा भाव तिची प्रत पाहून ठरतो. जुन्या चित्रकथांच्या संग्रहव्यवहारात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तेथे प्रतीचीच प्रत लावली जाते. या प्रतवारीमागे कोणता मूल्यविचार आहे आणि तो मराठवाड्यासारख्या प्रदेशातील वाचनाच्या इतिहासाला कितपत लागू पडतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतवारीची पद्धती व तिचे सामर्थ्य :

अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची मूल्यदर्शिका १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि चित्रकथांच्या बाजाराला भावाची समान भाषा मिळाली. २००० साली स्थापन झालेल्या ‘सर्टिफाइड गॅरंटी कंपनी’ने ०.५ ते १० अशा गुणांकनाची व्यवस्था रूढ केली. तज्ज्ञ प्रत तपासतात, गुण देतात आणि ती पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात कायमची बंद केली जाते. जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला, त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मूळ किंमत १० सेंट होती. त्याची ९ गुणांची प्रत २०१४ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलरना, तर ८.५ गुणांची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली.

या व्यवस्थेची केवळ टवाळी करून भागणार नाही. लपवून केलेली डागडुजी तिच्यामुळे उघड होते, फसवणुकीला आळा बसतो आणि जे रद्दीत गेले असते ते जपले जाते. दुर्मीळतेचे मूळच रद्दीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य अंक नष्ट झाले. म्हणूनच उरलेल्यांना मोल आले. कोलोरॅडोतील एडगर चर्च यांचा हजारो अंकांचा संग्रह १९७७ मध्ये उजेडात आला. तेथील कोरडी, थंड हवा आणि अंधाऱ्या जागी एकमेकांवर दाबून ठेवलेले गठ्ठे यांमुळे कागद विलक्षण ताजा राहिला होता. तात्पर्य, उच्च गुण हे पुष्कळदा हवामानाचे आणि न हाताळण्याचे फळ असते.

मराठी चित्रकथांचे वास्तव :

मराठी वाचकाचा या प्रकाराशी परिचय मुख्यतः ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे झाला. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका इंग्रजीसह मराठी, हिंदी आदी भाषांतून निघत असे. ती १९९० मध्ये बंद पडली. ली फॉक यांच्या फँटम व मँड्रेक या नायकांबरोबरच १९७६ पासून आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ तिच्यात अवतरला. पुढे अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ आरंभली. चित्रकथा नसली तरी सचित्र मासिक म्हणून ‘चांदोबा’ त्याआधीपासूनच मराठी घरांत पोहोचले होते.

हे अंक स्वस्त कागदावर छापले जात. अशा कागदातील लिग्निन प्रकाश व उष्णतेने बदलते, आम्लता वाढते, पान पिवळे पडून तुटू लागते. पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंजाचा डाग पानात उतरतो. हिंगोली परिसरातील कडक उन्हाळा, त्यामागून येणारा दमट पावसाळा, वाळवी आणि कसर यांतून वाचलेला अंक ९ गुणांचा निघणे जवळजवळ अशक्यच.

परंतु हवामानापेक्षाही वाचनव्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीच्या दोन-तीन दशकांत येथील लहान गावांत चित्रकथेचा अंक ही एका मुलाची मालमत्ता क्वचितच असे. एसटी स्थानकावर घेतलेला अंक आळीभर फिरे, सुट्टीत भाड्याने दिला जाई, फाटला की खळीने चिकटवला जाई, खाकी कागदाचे वेष्टन घालून पुन्हा उसना दिला जाई. मुखपृष्ठावरील नाव, वाचनालयाचा शिक्का, चिकटपट्टी, पेन्सिलने सोडवलेले कोडे हे सारे प्रतवारीच्या भाषेत ‘दोष’ ठरतात. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मात्र तीच वाचनाची साक्ष आहे. कोरी प्रत अंक कसा छापला गेला हे सांगते. वाचलेली प्रत तो कोणी आणि कसा वाचला हे सांगते.

दोन वेताळ आणि एक बांधणी :

याचे एक उदाहरण पाहणे उद्बोधक ठरेल. फँटमला मराठीत ‘वेताळ’ हे नाव मिळाले. भुताखेतांचा अधिपती व गावाचा राखणदार म्हणून वेताळ मराठी लोकमानसात आधीच ठाण मांडून होता. ‘चांदोबा’च्या वाचकाला विक्रमादित्याच्या खांद्यावरून प्रश्न विचारणारा वेताळही ठाऊक होता. म्हणजे एकाच बालवाचकापुढे एक वेताळ झाडाला लोंबकळत न्यायाविषयी कूटप्रश्न टाकत होता, तर दुसरा घोड्यावर बसून न्याय करत होता. परकीय नायक इतक्या सहजतेने आपलासा का झाला, याचे एक उत्तर या शेजारात असावे.

मात्र या शेजाराचा पुरावा सुट्या, कोऱ्या अंकात सापडत नाही. तो सापडतो घरगुती बांधणीत, जेथे वेगवेगळी नियतकालिके एका पुठ्ठ्यात शिवलेली असतात. भाव अंकागणिक ठरत असल्यामुळे विक्रेत्याचा पहिला संस्कार असतो तो बांधणी उसवण्याचा. उसवलेला अंक विकला जातो आणि कोणत्या घरात काय एकत्र वाचले गेले, याची नोंद कायमची पुसली जाते.

उलट बाजूही लक्षात घेणे अगत्याचे आहे. इंद्रजालच्या भारतीय आवृत्तीत मूळ चित्रमालिकांची काटछाट झाली, स्थळांची व व्यक्तींची नावे बदलली. ‘बेंगाली’चे ‘डेंकाली’ झाले, ‘रामा’चा ‘रामालू’ झाला. हे पाठभेद अभ्यासायला पान पूर्ण हवे. बी. गोविंद यांच्या मुखपृष्ठांतील रंगयोजना समजायला रंग शाबूत हवेत. फाटक्या प्रतीचे भावुक समर्थन येथे कामाचे नाही. मात्र बंद आवरणातील प्रतीचे केवळ मुखपृष्ठ व मलपृष्ठ दिसते. तिची पाने उलटता येत नाहीत. न वाचता येणारे पुस्तक हे संग्रहाचे यश मानावे काय, हा प्रश्न उरतोच.

महाविद्यालयीन ग्रंथालयाची भूमिका :

१९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांनुसार प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांकडे पुस्तके व नियतकालिके पाठवणे अपेक्षित आहे. म्हणजे कोऱ्या प्रतीला निदान कायद्याने वाली आहे. बालभारतीच्या, १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक संगणकीय रूपात उपलब्ध झाले आहेत, हेही स्वागतार्ह आहे. परंतु शिक्का असलेली, चिकटवलेली, हातोहात फिरलेली प्रत कोणाच्याच जबाबदारीत येत नाही. राज्यातील सार्वजनिक वाचनालयांनाही अ, ब, क, ड असे दर्जे आहेत. त्या हिशेबात फाटका चित्रकथासंच ओझेच ठरतो आणि निर्लेखनाच्या यादीत सर्वांत आधी जातो.

ही जागा जिल्ह्यातील महाविद्यालये भरून काढू शकतात. त्यासाठी फार खर्च नाही. निर्लेखनापूर्वी प्रत्येक अंकावरील नाव, गाव, शिक्का, दुरुस्ती व बांधणी यांची नोंद करावी. बांधणी उसवू नये. चिकटपट्टी व लॅमिनेशन टाळावे. अंक आम्लरहित कागदात, अंधाऱ्या व कोरड्या कपाटात ठेवावेत. भाषा विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल.

निष्कर्ष :

१. उच्च गुणांची प्रत ही मुद्रणाचा उत्तम पुरावा आहे, वाचनाचा नव्हे.

२. एका आकड्यात मोजलेली अवस्था बाजाराला पुरेशी असली तरी अभ्यासाला अपुरी आहे. अभ्यासकाला वर्णन हवे.

३. मराठवाड्यातील बालवाचनाचा इतिहास ग्रंथसूचीपेक्षा या ‘सदोष’ प्रतींवर अधिक स्पष्ट लिहिलेला आहे. तो लिहिणारी मुले आज प्रौढ झाली आहेत, त्यांच्या पेट्या रिकाम्या होत आहेत आणि रद्दीवाला गुण पाहत नाही, वजन पाहतो. त्याच्या तागडीत जाण्यापूर्वी या प्रती नोंदवल्या गेल्या नाहीत, तर पुढील अभ्यासकाच्या हाती कोऱ्या प्रती तेवढ्या उरतील आणि त्या कोणी वाचल्या होत्या, हे सांगणारे काहीच उरणार नाही.