‘सर्व नकाशे रूपांतरित करण्यात आले’ : या एका वाक्यावर आक्षेप

नगररचनेवरचे प्रबंध वाचताना विदेच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं : ‘कॅडमधील सर्व नकाशे स्क्रिप्टद्वारे जीआयएसमध्ये रूपांतरित करण्यात आले.’ बस्स. पुढच्या पानावर थेट तक्ते. माझ्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘म्हणजे नक्की काय झालं?’ मला उत्तर देता आलं नाही.

आधी जमेची बाजू. दोनशे नकाशे हाताने गिरवण्यापेक्षा डीएक्सएफ फाइल्सवर लूप लावून ओजीआर-टू-ओजीआर चालवणं केव्हाही चांगलं. तीच स्क्रिप्ट दुसऱ्याने चालवली तरी तेच उत्तर येतं. हातकामात ही खात्री नसते. माझा आक्षेप आहे तो ‘यश’ मोजण्याच्या पद्धतीवर. शेपफाइल तयार झाली, एरर आला नाही, की आपण टिक मारतो. पण कॅडच्या नकाशातला बराचसा अर्थ ड्राफ्ट्समनच्या सवयींत असतो, आणि सवयी हरवल्या तर एरर येत नाही.

मुलुंडचा पाच रस्ता घ्या. कॅडमध्ये रस्ता म्हणजे बहुतेकदा कडेच्या दोन रेषा. चौकात त्या उघड्याच राहतात, मधली जागा आपला डोळा भरतो. जीआयएसला मात्र बंद पॉलिगॉन लागतो. ‘एक मीटरच्या आतली टोकं जोड’ असं सांगितलं तर चौक उघडाच राहतो. दहा मीटर म्हटलं तर शेजारच्या कुंपणाच्या भिंतीही रस्त्याला जाऊन चिकटतात. दोन्ही वेळा स्क्रिप्ट म्हणते, काम झालं.

नगर भूमापन क्रमांकाचं तर आणखी अवघड. कॅडमध्ये तो अनेकदा भूखंडाला जोडलेला नसतो, फक्त त्यावर लिहिलेला असतो. लहान भूखंडात मावला नाही की बाहेर लिहून बाण काढतात. ‘मजकूर ज्या पॉलिगॉनमध्ये, क्रमांक त्याचा’ या नियमाने शेजाऱ्याला दोन क्रमांक मिळतात आणि मूळ भूखंड बेवारस होतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी नावं रोमन अक्षरांची गिचमिड होऊन येतात, ते वेगळंच.

स्थानाचंही तसंच. यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात मुलुंड स्टेशन पूर्वेला सुमारे २,८५,००० आणि उत्तरेला सुमारे २१,२१,००० मीटरवर यायला हवं. नकाशा शून्यापासून किंवा मिलिमीटरमध्ये काढलेला असला, तरी सांगितलेला पट्टा स्क्रिप्ट निमूटपणे चिकटवून देते.

यात एवढं काय बिघडतं? मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. नकाशांतल्या चुकांवरून गदारोळ झाला, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. त्या चुका रूपांतरामुळे झाल्या असा माझा दावा नाही. पण नकाशावरची एक रेषा चुकली की कुणाच्या तरी घरावरून रस्ता जातो आणि हरकत त्या माणसाला लिहावी लागते, हे तेव्हा सगळ्या शहराने पाहिलं.

आपल्यासाठी, म्हणजे संशोधन करणाऱ्यांसाठी, खरा धोका पुढे आहे. हातकामातल्या चुका विखुरलेल्या असतात. बॅचमधल्या चुका एका साच्यातल्या असतात : एका ड्राफ्ट्समनची सवय स्क्रिप्टला कळली नाही, की त्याच्या सगळ्या नकाशांत तीच चूक. नमुना कितीही वाढवा, ती धुऊन जात नाही. ती निष्कर्ष बनून बसते.

म्हणून त्या एका वाक्याऐवजी एक परिच्छेद लिहा. किती रेषा, मजकूर आणि ब्लॉक आत गेले, किती बाहेर आले? किती भूखंडांना शून्य किंवा दोन क्रमांक मिळाले? टोकं जोडण्याचं अंतर किती घेतलं आणि ते बदललं तर क्षेत्रफळ किती हलतं? प्रत्येक वस्तूचा मूळ हँडल जपून ठेवा, म्हणजे शंका आली की मूळ नकाशापर्यंत परत जाता येईल. नमुना निवडताना प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या किंवा कार्यालयाच्या फाइल्समधून थोड्या घ्या.

आणि एका रविवारी सकाळी प्रिंट घेऊन टी विभागात फिरून या. मी गेले होते. माझ्या ‘यशस्वी’ फाइलमधली एक गल्ली एका इमारतीच्या जिन्यातून जात होती.