तापीकाठचा पोंक

हिवाळ्यात सुरतेस तापीकाठी, अडाजणच्या बाजूला, पोंकाची दुकाने मांडली जातात. त्यांच्यासमोर उभे राहिले की प्रथम दृष्टीस पडते ती शेव. लिंबू-मिऱ्याची शेव, लसणाची शेव, शेजारी साखरेचे दाणे, ताकाचे पेले, पलीकडे कढईत तळले जाणारे पोंकवडे. आणि या साऱ्या लवाजम्यात ज्वारीचा तो हिरवा कोवळा दाणा, यजमान असूनही पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला. आमची तक्रार आहे ती हीच.

तक्रारीपूर्वी पोंक करणाऱ्याच्या कसबाला मान दिला पाहिजे. कणीस हुरड्यात येते ते दिवस मोजकेच. पुढे दाण्यातली साखर पिठूळ होत जाते आणि गोडी संपते. ते कणीस वेळेवर तोडायचे, निखाऱ्यांत आणि तापल्या राखेत असे भाजायचे की दाणा शिजावा पण करपू नये, मग कापडात घालून काठीने झोडपून दाणे मोकळे करायचे, पाखडून भूस काढायचे. एवढ्या श्रमाने राखलेली गोडी तिखट शेवेच्या मुठीखाली गाडून टाकणे आम्हांस अरसिकपणाचे वाटते.

मऊ दाण्याला कुरकुरीत सोबत हवीच, असे सुरतकर म्हणतील. खरे आहे, लिंबाच्या आंबटपणाने गोडी उठून येते, हेही आम्ही मान्य करतो. वाद सोबतीविषयी नाही, प्रमाणाविषयी आहे. आमच्या सोलापूर-नगरकडील शिवारांत, जेथे हुरड्याच्या एका नामांकित ज्वारीला 'सुरती' असेच म्हणतात, आगटीभोवती बसून कणीस तळहातांवर चोळले जाते. पहिला घास नुसता. मग शेंगदाण्याची वा जवसाची चटणी, गूळ, दही. चुलीतल्या राखेची किंचित चव त्या घासाला असते, आणि ती कोणत्याही शेवेत मिळत नाही.

अर्थात आम्हीही फार ताठ मानेने बोलावे अशी स्थिती नाही. हल्ली शहरांतून मोटारी भरून हुरडा पार्ट्यांना जाणारी मंडळी भजी, मिसळ आणि ध्वनिवर्धकावरील गाणी यांतच तृप्त होतात. आगटीजवळ बसतात ती छायाचित्रापुरती. सुरतकराने निदान दाण्यासाठी रांग तरी लावलेली असते!

या हिवाळ्यात सुरतेस जाणाऱ्या वाचकांनी शेव वेगळ्या पुडीत बांधून मागावी, आणि पोंकाची पहिली मूठ, गरम आहे तोवर, तिथेच उभ्याने नुसती खावी.