तारकाचिन्हाखालची संहिता

आउगुस्ट श्लायखर ह्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६८ साली एक लहानशी बोधकथा प्रसिद्ध केली. लोकर नसलेली एक मेंढी तीन घोडे पाहते. एक जड गाडा ओढतो आहे, दुसरा ओझे वाहतो आहे, तिसरा माणसाला घेऊन वेगाने चालला आहे. माणूस घोड्यांना राबवतो हे पाहून तिचे मन हळहळते. घोडे उलट तिचीच कीव करतात : तिच्या लोकरीची ऊबदार वस्त्रे माणूस घालतो आणि ती उघडी राहते. हे ऐकून मेंढी माळावर पळून जाते. कथा म्हणून हिच्यात विशेष काही नाही. विशेष आहे ती तिची भाषा. ह्या भाषेत कोणीही, कधीही, एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, गॉथिक इत्यादी भाषांच्या तुलनेतून अनुमानिलेल्या आदि-इंडो-युरोपीय भाषेत श्लायखरने ही कथा रचली.

ह्या संहितेचा पुढचा प्रवास तिच्या आशयापेक्षा बोलका आहे. श्लायखरने तिला 'अविस् अक्वासस् क' असे शीर्षक दिले. त्यातला 'अ'कारांचा सुकाळ पाहिला की ही आदिभाषा नसून मुखवटा घातलेली संस्कृतच आहे, असे वाटावे. १८७०च्या दशकात तालव्यीकरणाचा नियम सिद्ध झाला. संस्कृतातील 'च' हा मूळच्या 'ए'सारख्या स्वराच्या सान्निध्यात घडला, आणि संस्कृतने एका 'अ'मध्ये मुरवून टाकलेले स्वर ग्रीक-लॅटिनने वेगवेगळे राखले, हे त्यातून स्पष्ट झाले. हिर्ट ह्यांनी नव्याने लिहिलेली तीच कथा १९३९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा 'अविस्'चा 'ओविस्' झाला. १९७९ साली लेमान आणि झ्गुस्टा ह्यांनी ती पुन्हा बदलली, आणि त्यानंतरही तिचे पाठ निघतच आहेत. मेंढी तीच, घोडे तेच. भाषा मात्र दर पिढीला निराळी. ही संहिता ज्या काळाविषयी बोलते त्यापेक्षा ज्या काळात ती लिहिली गेली त्याचीच साक्ष अधिक देते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नसावी. श्लायखर हा बॉनमध्ये रिचल ह्या पाठचिकित्सकाचा विद्यार्थी होता. हस्तलिखितांच्या वंशावळीवरून हरवलेल्या मूळ प्रतीकडे जाण्याची रीत आणि भाषांचा वंशवृक्ष ह्यांची ठेवण एकच आहे. आपल्याकडे ह्या रीतीचा सर्वांत मोठा प्रयोग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत झाला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक वि. सी. सुकथनकर ह्यांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत एक भेद कसोशीने राखला. सिद्ध केलेली संहिता म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येईल तेवढी जुनी संहिता. व्यासांच्या मुखातले मूळ भारत नव्हे. तुलनेने गाठलेला आरंभबिंदू आणि प्रत्यक्ष आरंभ ह्यांतले हे अंतर भाषाशास्त्रात तारकाचिन्ह दाखवते. अनुमानित रूपाच्या डोक्यावर ते बसवलेले असते. मूलस्थानाच्या शोधाला निघालेले लेखक वाटेत पहिल्यांदा टाकून देतात ते हेच चिन्ह.

ह्यावरून पुनर्रचना म्हणजे निव्वळ कल्पनाविलास, असा निष्कर्ष काढणे मात्र आळशीपणाचे होईल. संरचनावादाचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या सोस्यूर ह्यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८७९च्या आपल्या ग्रंथात, केवळ स्वरांच्या व्यवस्थेवरून आदिभाषेत काही लुप्त ध्वनी मानले. ते ध्वनी तेव्हा ज्ञात असलेल्या कोणत्याही भाषेत सापडत नव्हते. पुढे अनातोलियातील हित्ती भाषा वाचली गेली, आणि १९२७ साली कुरिलोविच ह्यांनी दाखवून दिले की सोस्यूर ह्यांनी जिथे ध्वनी मानला तिथे हित्तीत 'ह'सारखे व्यंजन उभे आहे. अनुमान इतके खरे ठरल्याचा प्रसंग मानव्यविद्यांत विरळाच. पण खरी ठरली ती व्यवस्था, त्या व्यवस्थेचा पत्ता नव्हे.

पत्ता शोधायचा तर शब्दांकडून वस्तूंकडे जावे लागते. ह्या वाटेवरचा सर्वांत भक्कम पुरावा चाकाचा आहे. संस्कृत 'चक्र', ग्रीक 'किक्लोस' आणि इंग्रजी 'व्हील' ह्यांचे मूळ एक; 'अक्ष' आणि लॅटिन 'आक्सिस' ह्यांचेही तसेच. चाकाची वाहने इसवी सनापूर्वी ३५००च्या सुमारास दिसू लागतात. तेव्हा हे शब्द वापरणारी भाषा त्यानंतरही एकसंध असली पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा, म्हणजे गिम्बुटास ह्यांनी १९५६ साली मांडलेला पक्ष त्यामुळे बळावतो आणि शेतीबरोबर अनातोलियातून भाषा पसरली हा रेन्फ्र्यू ह्यांचा १९८७चा पक्ष अडचणीत येतो. मात्र हित्तीत चाकाला 'हुर्की' हा वेगळाच शब्द आहे. सर्वांत आधी फुटलेल्या शाखेने चाकाविषयी साक्ष देऊ नये, ही गोष्ट किरकोळ नाही.

२०१५पासून प्राचीन अस्थींतील जनुकांचा पुरावा पुढे आला. गवताळ प्रदेशातून युरोपात मोठे स्थलांतर झाले ह्याविषयी आता शंका घेणे कठीण आहे. २०१९च्या अभ्यासांनुसार त्याच वंशाचा अंश दक्षिण आशियात इसवी सनापूर्वी २०००नंतर आला, आणि राखीगढीच्या एका सिंधुकालीन स्त्रीच्या अवशेषांत तो आढळला नाही. हित्तींच्या शाखेसाठी मात्र कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाकडचा आणखी जुना उगम २०२५ साली मांडला गेला. मला गवताळ प्रदेशाचा पक्ष आज सर्वांत समर्थनीय वाटतो. तरीही हाडे बोलत नाहीत. बास्क लोकांत तो वंशांश भरपूर आहे आणि त्यांची भाषा इंडो-युरोपीय नाही.

मराठी वाचकाला हा वाद कधीच परका नव्हता. जोतीराव फुले ह्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त इराणकडून आलेल्या आक्रमकांची कथा दशावतारांतून उलगडली. टिळकांनी १९०३ साली वैदिक उषेच्या दीर्घ वर्णनांतून आर्यांचे घर उत्तर ध्रुवाजवळ नेले. दोघेही मुळात वाचकच, पण त्यांच्या वाचनांची जातकुळी भिन्न आहे. टिळक रूपकाला खगोलाची नोंद मानतात, आणि तिथे त्यांचे वाचन कोसळते. फुले पुराणाला सत्तेचा दस्तऐवज मानतात. त्यांचा इतिहास तपशिलात टिकत नसेल, पण पुराण कोणाच्या सोयीसाठी रचले गेले हा त्यांचा प्रश्न मूलस्थान कुठेही सरकले तरी सरकत नाही. आर्य आले की इथलेच, ह्या प्रश्नावर आजचा न्याय टांगून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंना हे उमगलेले दिसत नाही.

शिवाय वृक्षाच्या प्रतिमेत आपल्या भाषेचा अर्धाच इतिहास मावतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे; ऐकणारा पहिल्यातून वगळला जातो, दुसऱ्यात सामावतो. दोन्ही शब्द अस्सल आर्यभाषिक आहेत, एक 'अस्मद्'च्या रूपांतून आलेला, दुसरा 'आत्मन्'मधून. भेद मात्र संस्कृतात नाही, हिंदीत नाही. तो द्राविडी भाषांत आहे. वंशवृक्षावर त्या दोन शब्दांना जागा मिळते. त्यांच्यामधल्या भेदाला मिळत नाही, कारण तो कोणत्याही फांदीवरून उतरलेला नसून दोन भाषा बोलणाऱ्या माणसांच्या शेजारातून आलेला आहे.