उपनगराच्या साहित्यातला हरवलेला शेजारी

मराठी साहित्यात शहर आहे आणि खेडेही आहे. या दोहोंच्या मधल्या वस्तीला मात्र अद्याप हक्काचे घर मिळालेले नाही. नागर लेखक चाळीत शिरतो, ग्रामीण लेखक बांधावर आणि पारावर रमतो. परंतु पहाटे डबा भरून घेऊन तासाभराचा प्रवास करणारा आणि रात्री केवळ झोपण्यापुरता घरी परतणारा जो प्रचंड समाज महानगरांच्या कडेला उभा राहिला आहे, त्याच्याकडे आमच्या वाङ्मयाने फारसे निरखून पाहिलेले नाही. ही उणीव का राहिली आणि आपल्या ख्रिस्ती मराठी लेखनाचा त्यात वाटा किती, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबईवरील गाजलेल्या पुस्तकांकडे नुसती दृष्टी टाकली तरी हे ध्यानात येते. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ची, जयवंत दळवी यांची ‘चक्र’ १९६३ची, भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ची आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ १९६९ची. चाळ, झोपडपट्टी, नाका, खाडी असे सारे या यादीत आहे. गंमत अशी की स्वतः पु. ल. यांचे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत आणि पुढे पार्ल्यात गेले. म्हणजे ते उपनगराचेच अपत्य. तरीही त्यांच्या प्रतिभेला सर्वाधिक खुणावले ते चाळीने. डोंबिवलीत दीर्घकाळ राहिलेल्या शं. ना. नवरे यांच्यासारख्या कथाकाराने मध्यमवर्गीय घरातील लहानसहान सुखदुःखे हळुवारपणे टिपली, हे मान्य केलेच पाहिजे. २०१७ साली त्याच डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी नागपूरचे समीक्षक अक्षयकुमार काळे होते. उपनगराने साहित्याला मांडव दिला. साहित्याने उपनगराला तितक्या आपुलकीने जागा दिली, असे मात्र म्हणता येत नाही.

या चित्रात वसई वेगळी उठून दिसते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली, तेव्हापासून वसई शहराच्या दोरीला बांधली गेली. तरीही पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तिने आपले वाडीपण सांभाळले. मग १९९० साली सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, इमारती उभ्या राहिल्या, २००९ साली महानगरपालिका आली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. इतर उपनगरांविषयी लिहिले ते बहुधा बाहेरून तेथे राहावयास गेलेल्यांनी. वसईविषयी मात्र जे आधीपासून तेथे होते, ज्यांच्या अंगणापर्यंत उपनगर चालत आले, त्यांनी लिहिले. आणि त्यांत कॅथलिक लेखकलेखिकांचा भरणा मोठा आहे. म्हणूनच या लेखनाचे मूल्यमापन करणे आपले कर्तव्य ठरते.

या लेखनाचा पहिला प्रवाह स्मरणाचा आहे. रहाटाची करकर, बावखलाचे गार पाणी, राजेळी केळ्यांपासून केलेली सुकेळी, पानवेलीचे मांडव, पहाटेच्या गाडीने दादरला निघालेल्या फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या, वडीलधाऱ्यांची सामवेदी बोली, लग्नातली गाणी: हे सारे आपल्या लेखकांनी प्रेमाने नोंदवून ठेवले आहे. ही कामगिरी लहान मानू नये. शब्द वापरातून गेला की त्याच्यामागचे काम आणि कामामागचे ज्ञानही जाते. बावखल म्हणजे नुसते डबके नव्हे. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून विहिरी गोड राखणारी ती व्यवस्था होती, हे उद्याच्या पिढीला अशाच लेखनातून कळेल. परंतु स्मरणाच्या या प्रवाहास एक मर्यादा आहे. त्यातला काळ एका ठिकाणी थांबलेला असतो. वाडीतले कष्ट, वाटण्यांवरून झालेली भांडणे, आपल्याच हातांनी विकलेले जमिनीचे तुकडे यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. जे हरवले ते सारे निर्मळ होते असे एकदा ठरवले, की ते का हरवले याचे उत्तर बाहेरच शोधावे लागते.

दुसरा प्रवाह निषेधाचा. ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. पाणी, शेती आणि झाडे यांचा प्रश्न त्यांनी भाषणांतून, लेखांतून आणि ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादनातून सातत्याने मांडला. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्या पदाचा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४च्या जुलै महिन्यात ते निवर्तले. या प्रवाहाचे बळ त्याच्या नेमकेपणात आहे. योजना कोणी आखली, पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठे सोडणार, असे अडचणीचे प्रश्न त्याने सत्तेला विचारले. आमच्या मते मराठी निबंधाला मिळालेली ही मोलाची देणगी आहे.

तथापि याच लेखनाच्या कडेकडेने एक शब्द आपल्या भाषेत शिरला आणि तेथेच मुरला. तो शब्द म्हणजे ‘लोंढा’. परप्रांतीयांचे लोंढे, मुंबईहून येणारे लोंढे, लोकलमधून उतरणारे लोंढे. लोंढा हा मुळात पुराचा शब्द. पुराला नाव नसते, आईबाप नसतात, त्याच्याशी बोलता येत नाही. त्यापासून केवळ बचाव करावयाचा असतो. नियोजनाच्या नावाखाली अंदाधुंदी माजवणाऱ्यांसाठी हा शब्द वापरला असता तर तो शोभला असता. पण तो चिकटला कोणाला? कर्ज काढून एका खोलीचे घर घेणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला, रिक्षाचालकाला. राग ज्याच्यावर असावयास हवा तो कार्यालयात बसला आणि शब्द मात्र जिन्यात उभ्या असलेल्या माणसावर पडला. साहित्याच्या दृष्टीने हा गंभीर दोष आहे. कारण लोंढ्याचे पात्र होत नाही, आणि पात्र नसेल तर कथाही नाही. वाडीवरील लेखनात इमारत पुन्हा पुन्हा दिसते. तिच्यात राहणारे कुटुंब शोधू गेल्यास सहसा सापडत नाही.

हे कुटुंब कोठून आलेले असते? एक उदाहरण कल्पून पाहू. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. वसईला जसा किल्ला, तसा त्या गावालाही आहे. तो भाग धानाच्या बांध्यांचा आणि माजी मालगुजारी तलावांचा. या तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. दिवाळीनंतर तेथे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. आता समजा, तेथला एक तरुण नोकरीसाठी नालासोपाऱ्यात येऊन तिसऱ्या मजल्यावर राहू लागला. त्याच्या आठवणीतही एक तलाव आहे, एक बोली आहे, आणि आपली मुले ती बोलत नाहीत ही खंत आहे. बावखल गमावलेला माणूस आणि मामा तलाव मागे सोडून आलेला माणूस एकाच फलाटावर उभे असतात. दोघांचे दुःख एका जातीचे आहे, आणि ते एकमेकांना सांगितले गेलेले नाही. ज्या कथेत ही दोन माणसे एकमेकांशी बोलतील ती कथा वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.

दोष एकाच बाजूला आहे, असे मात्र कोणी समजू नये. इमारतीत राहावयास आलेल्या लेखकांना वसई बहुधा स्थानकापुरती दिसते. लोकलच्या गर्दीवर त्यांनी पुष्कळ लिहिले, पण स्थानकाच्या पश्चिमेस अर्ध्या तासावर असलेले गाव त्यांनी पाहिले ते सहलीच्या नजरेने: किल्ला, समुद्र, लाल लुगडे नेसलेल्या आजीबाई आणि नाताळचा केक. आणि जाहिरातींची भाषा तर या सर्वांवर कडी करणारी. जेथली झाडे तोडली तेथल्या संकुलाला बागेचे नाव, जेथले तळे बुजवले तेथे सरोवराचे. आमच्या मते उपनगराचे पहिले ‘साहित्य’ म्हणजे ही जाहिरातच होय, आणि तिचे कठोर परीक्षण अजून कोणी केलेले नाही.

वास्तविक लिहिण्याजोगे विषय दारात उभे आहेत. वाडीच्या विहिरीतून भरून इमारतीकडे जाणारा पाण्याचा टँकर घ्या. विकणाऱ्याची विहीर खारट होते, घेणाऱ्याचा पगार आटतो आणि दोघेही एकमेकांस दोष देतात. यात एका कादंबरीचा ऐवज आहे. जुलै २०१८च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, तेव्हा पाण्याने गाव आणि संकुल असा भेद केला नाही. आपले धर्मग्रामही याला अपवाद नाहीत. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्थापन झाला, आणि आज उपनगरातील मंदिरांत मराठी मिस्साबरोबरच इतर भाषांतील मिस्साही होतात. एकाच वेदीभोवती, पण वेगवेगळ्या वेळी जमणारी ही माणसे सणाच्या दिवशी अंगणात भेटतात, तेव्हा काय बोलतात आणि काय बोलायचे टाळतात? आपल्या कथाकारांनी तेथे कान द्यावा.

प्रभू येशूने दयाळू शोमरोन्याचा दाखला सांगितला, तो शेजारी कोणास म्हणावे या प्रश्नाच्या उत्तरादाखल. पोप फ्रान्सिस यांनी २०२०च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकाचे संपूर्ण दुसरे प्रकरण याच दाखल्याला वाहिले. त्या दाखल्यातील एक गोष्ट लेखकाने विशेष ध्यानी घ्यावी. शोमरोनी हा श्रोत्यांना न आवडणाऱ्या समाजाचा होता. तरीही त्याला थांबणे, जखमा बांधणे, खर्चाचे पैसे देणे अशा बारीकसारीक कृती दिल्या आहेत. नावडत्या माणसाला तपशील देणे हे कथेतले सौजन्य होय. आपल्या उपनगरी लेखनाने स्मरण राखले आणि निषेधही नोंदवला. हे सौजन्य मात्र त्याच्याकडून अजून यावयाचे आहे. निषेध सोडून द्यावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न आजही तितकाच तीव्र आहे. परंतु निषेध कोणाचा आणि शेजार कोणाशी, एवढा विवेक शब्दांनी पाळला पाहिजे. येत्या काळात या अंकांसाठी लिहू इच्छिणाऱ्या तरुण लेखकलेखिकांना आमची एवढीच विनंती आहे, की त्यांनी ‘लोंढा’ हा शब्द काही वर्षे बाजूस ठेवावा आणि त्या जागी एखाद्या माणसाचे नाव लिहून पाहावे.